भेरुंडचा उजवा खांदा

प्रिय भास्करराव,

पत्राचं कारण आधी सांगते, म्हणजे तुम्ही चष्मा पुसत उगाच ताटकळणार नाही. गेल्या आठवड्यात नितीन माझ्याकडे डोंबिवलीला आला होता. आपल्या प्रकाशक अण्णांचा मुलगा. अण्णा थकल्यापासून ठाण्याचं दुकान तोच बघतो. चहा होईपर्यंत त्यानं तुमच्याबद्दल चार बरे शब्द काढले आणि मग मुद्द्यावर आला.

"बाई, काल मालतीकाकूंना भेटायला गेलेलो. त्या म्हणाल्या, बाईंना विचार. आपण भेरुंडला परत आणू या का?"

"कुठून?" मी विचारलं.

"अहो, मेलाय ना तो! मग संजीवनी, तपश्चर्या, काहीतरी टाका तुम्ही. हल्ली टीव्हीवर सगळे परत येतात. शलाकाशी पुन्हा एकदा लढाई लावू, आणि या टायमाला तो जिंकेल. काकांना श्रद्धांजली पण होईल."

तुम्ही असतात तर त्याला चपला घालायलाही वेळ दिला नसतात! मला तेवढं जमलं नाही. रविवारी सांगते, म्हटलं. आणि या विषयावर विचार करायचा म्हणजे समोर तुम्ही हवेत, ही सवय तुम्हीच लावलीत ना? आता तुम्हाला जाऊन महिना झाला, तरी सवय काही गेलेली नाही.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तरी क्रमानं लिहिते. क्रम चुकला की मला विचार करता येत नाही.

तुम्ही वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात सुपरवायझर. मी शाळेत मराठी शिकवणारी. दोघंही अण्णांसाठी खिशात मावणारी पुस्तकं लिहायचो. तुमचा वीर भेरुंड, माझी वीरांगना शलाका. दर महिन्याला एक तुमचं, एक माझं. गंमत म्हणजे कित्येक वर्षं आपण एकमेकांना पाहिलंही नव्हतं.

पोरांनी मात्र आपली गाठ कधीच घालून दिली होती. स्टेशनजवळच्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयात भेरुंडवाले आणि शलाकावाले अशा उघड दोन फळ्या पडलेल्या. माझ्याच वर्गातल्या बाकावर कुणीतरी कर्कटकानं कोरलं होतं, "भेरुंड एका हाताने शलाकाला मारेल." त्यांना शिकवणारी मीच शलाका लिहिते हे त्यांना माहीत नव्हतं. मी कोरणाऱ्याला शोधून काढलं आणि छडी न मारता विचारलं, "कसा मारेल? सांग ना, कसा?" तो बिचारा घाबरला. मला खरंच जाणून घ्यायचं होतं हो!

मग रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका सुरू झाल्या, रस्ते ओस पडायला लागले आणि आपली पुस्तकं अण्णांच्या दुकानात साचायला लागली. अण्णांनी आपल्या दोघांना बोलावून घेतलं.

"पुस्तकांच्या दोन मालिका परवडत नाहीत," ते म्हणाले. "दिवाळीला जाड पुस्तक काढू. भेरुंड विरुद्ध शलाका. एक प्रकरण यांचं, एक तुमचं. जो जिंकेल त्याची मालिका चालू राहील. जो हरेल तो मरेल. म्हणजे पुस्तकात."

तुम्ही माझ्याकडे वळून पहिलं वाक्य काय बोललात, आठवतं?

"अहो बाई, भेरुंड हरू शकत नाही. हट्टानं नाही सांगत. शरीररचनेच्या दृष्टीनं सांगतो."

असा राग आला मला! पण हेही खरं, की माझ्या शलाकाबद्दल एखाद्या मोठ्या माणसानं इतक्या गंभीरपणे बोलण्याची ती पहिलीच वेळ होती. शाळेत माझं लिखाण म्हणजे 'बाईंचा छंद'.

त्या पावसाळ्यात मी रविवारी बाळकुमला तुमच्या घरी यायला लागले. आगरी घरमालकाच्या मागच्या दोन खोल्या, ओटीवर लोखंडी खुर्च्या. मालतीवहिनी पोहे आणून ठेवायच्या आणि आत जायच्या; दाराआड त्यांच्या बांगड्या वाजायच्या. "तुमच्या मारामाऱ्या तुम्हीच करा," असं म्हणायच्या. एक पुस्तकही त्यांनी वाचलं नाही, असं तुम्ही थोडं दुखावूनच सांगायचात.

आपण अगदी तराजू घेऊन बसलो होतो. भेरुंड शलाकापेक्षा दीड हात उंच. अंगात चिलखत. हातात लांब दांड्याचा परशू, तोही मंतरलेला. फेकला की शत्रूला लागून परत उजव्या हातात येणारा. पाऊल मागे घ्यायचं नाही ही शपथ. माझी शलाका मिठागरावर वाढलेली, चिलखत नाही, दोन आखूड कोयते, दोन्ही हात सारखेच चालणारे, आणि भरती-ओहोटी रक्तात कळणारी.

"ती जवळ पोचेल कशी?" तुम्ही लाटणं हातात घेऊन विचारलंत. "हा परशू. हे तुमचे कोयते. पोचा बघू." तुम्ही मला उलथणं आणि झारा दिला होता! मी तुमच्या ओटीवर झारा परजून उभी आहे आणि घरमालकांची सून कुंपणापलीकडून बघतेय, हे दृश्य मी शाळेत कुणालाही सांगितलं नाही.

मी पोचू शकले नाही. लाटणं प्रत्येक वेळी माझ्या खांद्याला टेकलं. तुम्ही ते जरा आनंदानंच टेकवत होतात.

मग मी चिखलाचा मुद्दा काढला. म्हटलं, शलाका त्याला खाडीवर ओढेल, चिलखतासकट रुतवेल. तुम्ही म्हणालात, "भेरुंड रुतणार नाही. त्याचे पाय खांबासारखे आहेत." मी म्हटलं, खांबच रुततात. झालं! तुम्ही पॅन्ट दुमडलीत, घरातली लोखंडी पहार खांद्यावर घेतलीत आणि आपण तिवरांच्या पलीकडे खाडीवर गेलो.

पोटऱ्यांपर्यंत ठीक होतं. गुडघ्यांपर्यंत गेल्यावरही तुम्ही वळून म्हणालात, "बघा, चालतोय की नाही!" त्यानंतर तुम्ही चालला नाहीत. एक पाय उपसायला गेलात की दुसरा आणखी आत जायचा. मला हसू आवरेना, आणि एकदम भीतीही वाटली, कारण पाणी चढत होतं.

खेकडे पकडणारी एक बाई लांबून ओरडली, "ओ मास्तर, उबं रव नको! आरवं परा, आरवं!"

तुम्ही आडवे पडलात. दुसरं काय करणार! तिनं फळी सरकवत आणली आणि तुम्हाला ओढून काढलं. "यवरं लोखंड घेवन चिखलान कला गेलाव?" असं तिनं विचारलं, तेव्हा तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत काळे झालेले, पण आवाजात तोच ताठा. म्हणालात, "एका योद्ध्याचं बघत होतो." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "घरी न्या याना."

परतताना तुम्ही कबूल केलंत की चिखलात भेरुंड संपला. आणि मी म्हटलं, तर मग चिखल नको. फुकटचा विजय माझ्या पोरीला नको. लढाई कोरड्या, टणक जमिनीवर. तुम्ही नुसती पहार या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलीत. पण त्या दिवसापासून मला 'अहो बाई' ऐवजी नुसतं 'बाई' म्हणायला लागलात, हे माझ्या लक्षात आलं.

त्यानंतर मी तुमची सगळी पुस्तकं वाचायला घेतली. शत्रूचा अभ्यास म्हणून, दुसरं काही नाही. आणि एका जुन्या पुस्तकात मला तो बाण सापडला. भेरुंडच्या उजव्या खांद्यात घुसलेला. तुम्ही पुढच्याच पानावर कुठलातरी पाला वाटून लावलात आणि त्याला बरा करून टाकलंत. पुढे त्या बाणाचं नाव नाही!

रविवारी मी तुम्हाला विचारलं, "परशू परत येतो तो किती जोरात येतो?"

"जितक्या जोरात गेला तितक्या."

"आणि तो झेलतो कोण?"

"उजवा हात."

"दर वेळी?"

"दर वेळी." मी बाणाचं पान काढून तुमच्यासमोर धरलं. म्हटलं, भास्करराव, इतक्या वर्षांत इतक्या वेळा हा परशू त्याच खांद्यावर येऊन आदळलाय. तो खांदा आतून गेलेला असणार. भेरुंडनं कुणाला सांगितलं नसेल इतकंच.

तुम्ही ते पान बराच वेळ वाचत राहिलात. स्वतःचंच लिहिलेलं, नवं असल्यासारखं. "हे माझ्या लक्षात नव्हतं," म्हणालात. "तुम्ही हे कधी वाचलंत?" त्या आवाजात हरल्याचं दुःख नव्हतं. कुणीतरी घरी येऊन विचारपूस केल्यावर माणूस जसा बोलतो, तसं होतं ते.

पण तुम्हीही काही कमी नव्हतात. पुढच्या रविवारी माझी पुस्तकं रांगेनं मांडून बसला होतात.

"बाई, तुमची शलाका नेहमी एकटी असताना जिंकते. लढाईआधी सोबतच्या माणसाला ती कुठेतरी पाठवून देते. पाणी आणायला, निरोप द्यायला. एकदाच एक म्हातारी मागे राहिली, तेव्हा शलाकाला पाठीवर घाव बसला. सोबत कोणी असलं की तिचं अर्धं लक्ष मागे असतं. भेरुंडला तिला हरवायचं तर तिच्यामागे कुणालातरी उभं केलं की पुरे."

बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर. आणि मला ते आजवर दिसलं नव्हतं.

"का हो?" तुम्ही हळू विचारलंत. "तिला सोबत का देत नाही तुम्ही?"

आई गेल्यापासून मी एकटीच राहत होते, तुम्हाला माहीत होतं. मी पोहे संपवले आणि डोंबिवलीला परत आले. तुम्हीही पुन्हा कधी विचारलं नाहीत. विचारायला हवं होतंत, भास्करराव! दुसऱ्यांदा विचारलं असतंत तर मी काहीतरी बोलले असते.

लिहिताना मात्र आपण एकमेकांना सूट दिली नाही. शेवटून दुसरं प्रकरण माझं होतं. मी टणक माळ निवडला, मिठागरावरची माणसं लांब पाठवली, शलाकाला एकटीला उभं केलं. भेरुंडनं परशू फेकायचा, तिनं फक्त चुकवायचा, जवळ जायचंच नाही, इथपर्यंत आणून सोडलं. शेवटचं प्रकरण तुमच्या हातात. मला वाटलं, आता तुम्ही तिच्यामागे एखादं पोर आणून उभं करणार. मीसुद्धा तेच केलं असतं. मग मालिका तुमची, नाव तुमचं, दिवाळी तुमची.

दिवाळीआधी पुस्तक हातात आलं. शेवटचं प्रकरण मी स्टेशनवरच बाकावर बसून वाचलं. भेरुंड परशू फेकतो. ती चुकवते. परशू परत येतो. पुन्हा. पुन्हा. मग तुम्ही लिहिलं होतंत, "परशू परत आला, पण हात वर झाला नाही."

त्याचाच परशू त्याच्या छातीत. पाऊल मागे नाही.

मी घरी न जाता उलट ठाण्याकडची गाडी पकडली आणि बाळकुमला आले. तुम्ही ओटीवर पेपर वाचत होतात. मी उभ्या उभ्याच विचारलं, "मुद्दाम हरलात?"

तुम्हाला चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

"मुद्दाम? मी भेरुंडला मारीन असं वाटतं तुम्हाला? तुम्ही मारलंत त्याला, बाई! खांदा तुम्ही शोधलात. तो एकदा दिसल्यावर मी काय न दिसल्यासारखं लिहू?"

"तिच्यामागे कुणाला तरी उभं करायचं होतंत. तुम्हाला माहीत होतं."

"मला माहीत होतं," तुम्ही म्हणालात. "भेरुंडला माहीत असतं तरी त्यानं केलं नसतं."

मी खरं सांगू? मला तेव्हा पटलं नाही. पुढे किती वर्षं वाटत राहिलं, की एकट्या बाईची मालिका बंद पडू नये म्हणून तुम्ही दया केलीत. दयेचा विजय घेऊन जगणं सोपं नसतं. तुम्ही हे माझ्याशी पुन्हा बोलायला हवं होतं. पण आपण मारामारीखेरीज कशावर बोललो कधी?

वाचकांनी अण्णांचं डोकं खाल्लं. विठ्ठलवाडीहून एकानं कार्ड पाठवलं होतं, "भेरुंड मेला म्हणून आम्ही करंज्या खाल्ल्या नाहीत." तुम्ही ते कार्ड वाचून म्हणालात, "करंज्या खायला काय हरकत होती?" आणि उठून आत गेलात.

मी म्हटलं होतं, दुसरा वीर काढा. तुम्ही म्हणालात, "एकाला शेवटापर्यंत नेलं. पुरे." आणि मग माझं प्रत्येक हस्तलिखित छापण्याआधी वाचायला लागलात. समासात पेन्सिलीनं एकच शब्द, "कशी?" शलाका भिंतीवर चढली. कशी? दोन्ही हातांत कोयते आहेत, धरलं कशानं? किती वैतागायची मी! शेवटी तिला कोयता दातांत धरायला लावला, तर तुम्ही लिहिलंत, "आता बोलते कशी?"

पुढे घरोघर केबल आली आणि शलाकाही बंद पडली. ती मेली नाही. हरलीही नाही. एका पुस्तकाच्या शेवटी ती घोड्यावर बसून निघाली आणि पुढचं पुस्तक आलंच नाही. भेरुंडला निदान शेवट मिळाला. त्याचा मला हेवा वाटतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

तर नितीनचा प्रश्न. शनिवारी दुपारी मी कागद घेऊन बसले. भावनेत वाहून जायचं नाही, असं ठरवलं. भेरुंड जिवंत झाला असं धरू. खांदाही नवा मिळाला असं धरू. जिंकेल का?

खांदा नवा, पण परशू तोच. काही वर्षांनी खांदा पुन्हा जाणार. शलाका थांबेल. तिला थांबता येतं. डाव्या हातानं लढावं, तर परशू डाव्या हातात येत नाही, मंत्र उजव्याला बांधलेला. पाऊल मागे घेऊन दम खावा, तर शपथ आड येते. राहिला एकच उपाय, तिच्यामागे कुणालातरी उभं करणं. मी तसं एक पान लिहून पाहिलं. भेरुंड मिठागरावरच्या एका मुलीला हाताला धरून आणतो आणि शलाकाच्या पाठीमागे उभी करतो.

ते पान मला वाचवेना. तो भेरुंड नव्हताच. परशू होता, चिलखत होतं, उंची होती. आत कोणीतरी भलताच माणूस होता!

तेव्हा मला पटलं, भास्करराव. इतक्या वर्षांनी. तुम्ही दया केली नव्हतीत. आपण दोघांनी ताकद मोजली, लांबी मोजली, दम मोजला. तुम्ही आणखी एक गोष्ट मोजली, तो काय करणार नाही ती. ते धरून हिशेब केला तर शलाकाच जिंकते. सरळ जिंकते. मी उगाच इतकी वर्षं तुमच्यावर मनातून रागावले होते.

काल, रविवारी, नितीनला दुकानात जाऊन 'नाही' सांगितलं. "बाई, लोकांना आवडलं असतं हो," तो म्हणाला. मी म्हटलं, आवडलं असतं, पण भास्कररावांच्या पुस्तकांत राक्षस होते, उडते डोंगर होते, बोलणारे पक्षी होते. मेलेला माणूस मात्र एकदाही परत आला नाही. तेवढी एक गोष्ट त्यांनी खरी ठेवली होती. मग त्यानं आग्रह केला नाही. चांगला मुलगा आहे.

तिथून बाळकुमला गेले. ओटीवर आता एकच खुर्ची आहे. मालतीवहिनींना मी सगळं सांगितलं. वाटलं, त्या नाराज होतील. त्यांनी माझा हात चाचपून धरला. हल्ली त्यांना फार अंधुक दिसतं.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "तो परत मेला असता तर मला सोसवलं नसतं."

"परत म्हणजे? वहिनी, तुम्ही तर एकही पुस्तक वाचलं नव्हतंत ना?"

"हे कामावर गेले की मी वाचायचे," त्या म्हणाल्या. "समोर वाचलं असतं तर विचारत बसले असते, कसं वाटलं, कुठे चुकलं. मला नुसतं वाचायचं होतं. भेरुंड गेला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. यांना वाटलं, कांदा चिरतेय."

बघा! घरातच तुमची सर्वांत जुनी वाचक, आणि तुम्हाला पत्ता नाही. तुम्ही त्यांना एकदा तरी विचारलंत का हो, की पोहे ठेवून आत गेल्यावर त्या दाराआड उभ्या का असायच्या?

आता त्यांना अक्षरं दिसत नाहीत. काल निघताना म्हणाल्या, "पहिल्यापासून एकदा ऐकावंसं वाटतं." तेव्हा दर रविवारी मी बाळकुमला जाणार आहे, भास्करराव, आणि त्यांना भेरुंड वाचून दाखवणार आहे. शिक्षिकेच्या आवाजात नाही, नीट, सावकाश. मध्येच थांबून 'कसं वाटलं' असं विचारणार नाही, हा माझा शब्द. त्या ऐकतील, आणि मी त्यांच्या शेजारी बसलेली असेन.

तुमची,
वसुधा